पेटीवर जे, तेच कागदावर

यादव आबांनी शर्टाच्या खिशातून कागद काढला, त्याच्या चार घड्या उलगडल्या, टेबलावर तळहाताने सपाट केला आणि पंख्याने उडू नये म्हणून वर स्टेपलर ठेवला. सहीची जागा कोरीच होती.

"मंगळवारी पाठवला होता मी हा," वृषाली म्हणाली. "आज शनिवार."

"हो."

"पेन नाही का?"

"आहे ना." त्यांनी खिशाला लावलेल्या पेनावर टिचकी मारली. "पेटीचा फोटो आला का?"

अभ्यास झाला का विचारलं की पोराला तहान लागते, तसं वृषालीच्या वडिलांचं, आबांचं, चाललं होतं. सहीचं नाव काढलं की पेटीचा फोटो. मंगळवारी फोनवर तेच, गुरुवारी तेच, आणि आज वरणगावहून एस.टी.ने जळगावला येऊन, रिक्षा करून एमआयडीसीतल्या डाळमिलच्या ऑफिसात बसल्यावरही तेच.

शनिवारी मिल दोनला सुटायची. मशीनं थांबली होती, तरी तुरीची बारीक चुणी हवेत होतीच. ती कॅलेंडरवर बसायची, कीबोर्डवर बसायची, चहावर साय धरल्यासारखी बसायची. शेजारच्या टेबलावरची कोकिळा तेवढी घरी जायची राहिली होती. ती डबा आवरत, कान इकडे ठेवून, सावकाश निघत होती.

वृषाली या मिलमध्ये चौदा वर्षं कागद बघत होती. मिलची निम्मी तूर आफ्रिकेतून कंटेनर भरून येई, आणि तुरीबरोबर येई कागदांचा गठ्ठा. बिल, पोत्यांची यादी, जहाज कंपनीची पावती, माल कीडमुक्त असल्याचा दाखला. प्रत्येक कागद वेगळ्या माणसाने, वेगळ्या टेबलावर, बहुधा जेवणाच्या घाईत केलेला. वृषालीचं काम एवढंच, की कस्टमपुढे जाण्याआधी ते सगळे एकच गोष्ट बोलतात ना, हे बघायचं. पूर्वी ती हे पट्टी आणि लाल पेन्सिल घेऊन करायची. गेल्या वर्षी प्रेमराजशेठनी एआय आणलं. कागद त्याच्या पोटात टाकायचे. ते वाचतं, कस्टमच्या अर्जाचा मसुदा भरतं आणि कोणता कागद दुसऱ्याशी जुळत नाही ते नम्रपणे सांगतं. इतक्या नम्रपणे, की कोकिळेने त्याचं नाव 'भाऊसाहेब' ठेवलं. तलाठी ऑफिसातल्यासारखंच ते नाही कधी म्हणत नसे. फक्त म्हणे, एक त्रुटी आहे.

आज मात्र भाऊसाहेबांच्या पोटात तूर नव्हती. साडेचार फुटांची बुद्धमूर्ती होती.

थायलंडच्या काही उपासकांनी वरणगावच्या विहाराला ती दान दिली होती. दिली म्हणजे रुक्माबाईंनी मिळवली होती. वृषालीची आई, महिला मंडळाची प्रमुख. मूळची धुळ्याकडची, शिंदखेड्याजवळची. पन्नास वर्षं वरणगावात काढूनही तिची अहिराणी सुटली नव्हती. तीन वर्षं ती तिकडच्या लोकांना पत्रं लिहीत होती. बोलायची ती, इंग्रजी करायची वृषाली. माल कोणाच्या नावाने पाठवू, असं तिकडून विचारलं तेव्हा विहाराच्या ट्रस्टची नोंदणी अडलेली होती, कारण ट्रस्टला अध्यक्ष दोन होते आणि दोघंही मागे हटत नव्हते.

"मनं नाव टाक," रुक्माबाई म्हणाल्या होत्या. "मी काय अध्यक्ष व्हनार नही. बठ्ठासना वाद मिटी जाई."

त्यांच्या नावाने माल ठरला, सगळ्यांचा वाद मिटला. ट्रस्टची नोंदणीही झाली. पण त्याआधीच माघात, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन रुक्माबाई गेल्या. तिकडे मूर्ती ओतून झाली, पेटीत बसली, पेटी जहाजावर चढली. नाव बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्यांच्या लक्षात यायचं, ते दुसऱ्याच गोष्टींत होते.

आता जहाज गुरुवारी मुंबईला लागणार होतं आणि माल घेणाऱ्या बाई हयात नव्हत्या. जहाज लागण्याआधी नाव बदललं, तर एका विनंतीत काम होत होतं. लागल्यानंतर वारसाचे दाखले, कोर्ट, चकरा. तोवर मूर्ती बंदराच्या गोदामात, पेटीत उभी. वैशाखी पौर्णिमा सतरा दिवसांवर आली होती. विहारातला चौथरा बांधून, फरशी बसवून तयार होता. आणि त्या एका विनंतीला जोडायला हवं होतं वारसाचं पत्र. स्टेपलरखाली होतं ते.

कोकिळा पिशवी खांद्याला लावून आली. "आबा, सही करून टाका. ताईने चार दिवस जेवण गोड करून खाल्लं नाही."

"तू घरी जा गं," वृषाली म्हणाली.

"जातेच आहे. भाऊसाहेबांना नमस्कार सांगा."

ती गेल्यावर आबांनी खुर्ची पुढे ओढली. "भाऊसाहेब कोण?"

वृषालीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे. हेच वाचतं सगळं."

आबांनी चष्मा लावला. वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत त्यांनी तेहतीस वर्षं पॅकिंग विभागात काढली होती. पेट्यांवर नंबर मारायचे, आणि मारलेला नंबर कागदाशी पडताळायचा. पत्र्यात अक्षरं कापायची, पत्रा पेटीवर धरायचा, काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा. घरातही तीच सवय. पाण्याचा ड्रम, कोठी, शिडी, वृषालीची शाळेची पेटी, एकही वस्तू नावाशिवाय राहिली नव्हती. रुक्माबाई म्हणायच्या, मी जरा वेळ एका जागी बसले तर माझ्यावरही मारतील.

"चुकतं का हे?"

"कधी कधी. मंगळवारी मला मूर्तीत ओलावा किती टक्के आहे ते विचारलं. वर्षभर तूरच खाल्लीय ना त्याने."

"मग?"

"मग मी आहे ना. माझं त्याला कळतं, त्याचं मला."

त्यांना जरा रमवावं, मग सहीकडे वळवावं, असा तिचा बेत होता. तिने तपासणी पुन्हा पहिल्यापासून लावली. एकेक ओळ हिरवी होत खाली सरकू लागली. वजन जुळलं. पेटी एक, जुळलं. किमतीपाशी मात्र दोघांनी एकदमच मान हलवली. त्या रकान्याचा किस्सा घरात जुना होता. देणगी असली तरी कस्टमला किंमत लागते. रुक्माबाईंनी तिकडे परस्पर कळवलं होतं, 'अमूल्य'. त्या बिचाऱ्यांनी बिलात तसंच छापलं. भाऊसाहेबांनी मंगळवारी नोंदवलं होतं की किमतीच्या रकान्यात आकडा आढळला नाही. वृषालीने मग ओतकाम करणाऱ्या कारखान्याकडून खर्चाचं पत्र मागवून आकडा भरला.

स्क्रीनवर प्रश्न आला. वस्तू शंभर वर्षांहून जुनी आहे का? तिने 'नाही' दाबलं. पुढचा प्रश्न, वस्तू नवी आहे की वापरलेली?

आबा स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अडीच हजार वर्षं वापरतातच की लोक."

वृषाली हसली. हसता हसता तिने त्यांच्याकडे बघितलं. माघानंतरची ही त्यांची पहिली थट्टा होती. त्यांनी मात्र चेहरा हलवला नव्हता. तिने 'नवी' दाबलं.

मग नावाची ओळ आली. माल घेणार, ट्रस्ट. हिरवी. तिकडे पाठवायच्या दुरुस्त बिलात ट्रस्ट, पेटीच्या दुरुस्त यादीत ट्रस्ट, विनंतीच्या मसुद्यात ट्रस्ट. एकूण नऊ ठिकाणी. भाऊसाहेब मंगळवारी म्हणाले होते, जुनं नाव सर्व ठिकाणी एकदम बदलू का? वृषालीने नको म्हटलं. तिने नऊही ठिकाणी स्वतः जाऊन आईच्या नावाचं एकेक अक्षर पुसलं. त्याला अर्धा तास लागला आणि मधे एकदा ती उगाचच पाणी प्यायला उठली. त्यानंतर मृत्यूचा दाखला टाकला, तेव्हा भाऊसाहेबांनी लिहिलं, कागद वाचला, नाव आणि पत्ता जुळतात. तेवढ्यावर तिने त्या दिवशी संगणक बंद केला होता.

"हे पत्र त्यानेच लिहिलं का?" आबांनी स्टेपलरकडे बोट दाखवलं.

"मसुदा त्याचा. 'कै.' लिहिलं होतं त्याने. मी 'कालकथित' केलं. आता ते कधीच 'कै.' लिहीत नाही आपल्या कागदात."

"ते बरं केलं." आबांनी पत्र उचलून डोळ्यांजवळ धरलं. "'नाव काढण्यास माझी हरकत नाही.'"

"तो शब्दच असतो, आबा. सगळ्याच पत्रांत असतो."

"शब्द बराबर आहे. पण मले हरकत आहे का नाही, हे त्याने कुठी विचारलं?"

वृषालीने हात मांडीवर घेतले. खिडकीबाहेर रिकामी पोती वाळत होती आणि त्यावर दोन साळुंक्या भांडत होत्या. "आहे का हरकत?"

आबांनी पत्र परत ठेवलं, त्यावर स्टेपलर ठेवला, तो सरळ केला.

"तीन वर्षं तिने खटपट केली," ते म्हणाले. "अध्यक्षाले फोटोत उभं राहायचं आहे. सचिवाले पाटीवर नाव पाहिजे. मंडपात दहा नावं येतील. येऊ दे. त्याबद्दल माही काही बात नाही. पण जी वस्तू जिच्यामुळे आली, तिचं नाव वस्तूच्या कागदातून पुसायचं आणि वरून लिहून द्यायचं, हरकत नाही."

"मग काय करू मी?" तिचा आवाज जरा चढला. "मूर्ती गोदामात ठेवू? आईला ते आवडलं असतं? तिच्या नावासाठी बुद्ध अडकून पडला असं म्हणतील लोक."

"नाही आवडलं असतं."

"मग?"

"फोटो येऊ दे."

फोन वाजला. हितेंद्रभाई. मुंबईला बंदरावर मिलची कामं बघणारा एजंट, मूळचा नवापूरचा.

"वृषालीताई, पत्र कुठे आहे? तिकडचं ऑफिस उद्या बंद. नाव बदलायची विनंती आज पाचच्या आत गेली पाहिजे."

"देते, हितेंद्रभाई. समोरच आहे."

"समोर असून काय फायदा, माझ्याकडे पाहिजे. आणि लाकडी पेटी आहे, तर लाकूड तापवून घेतल्याचा शिक्का दिसायला हवा. पेटीचा फोटो मागवला होता, तो आलाय आत्ता. पाठवलाय तुम्हाला. टाका तुमच्या त्या भाऊसाहेबांना."

तिने फोन ठेवला. सव्वातीन झाले होते. "आला तुमचा फोटो," ती म्हणाली, जरा तुटकच.

आबा खुर्चीत सरळ बसले. चष्मा काढून त्यांनी शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा लावला.

वृषालीने फोटो न उघडताच कागदांत ढकलला. लाकडाचा शिक्का सापडला की काम झालं. भाऊसाहेब थोडा वेळ फिरत राहिले. मग हिरवी ओळ आली, लाकडावर प्रक्रियेचा शिक्का आहे. तिने माउसवरचा हात काढला. आणि तिच्याखाली एक पिवळी ओळ उमटली.

'एक त्रुटी आहे. जहाजाच्या पावतीत मार्क या रकान्यात "मार्क नाही" असं लिहिलं आहे. पेटीच्या फोटोत मार्क दिसतो: रुक्माबाई. त्याखालच्या ओळीवर पॅकिंगची पट्टी असल्याने ती वाचता येत नाही. पेटीवर जे आहे तेच कागदावर असावं. नाव बदलण्याच्या विनंतीतच ही दुरुस्ती करता येईल. करू का?'

वृषालीने ते दोनदा वाचलं. मग फोटो उघडला.

कुठल्यातरी गोदामात फिकट लाकडाची उंच पेटी उभी होती. तिच्या छातीवर काळ्या रंगात, वीतभर उंचीची इंग्रजी अक्षरं होती. कोपरे धारदार, रंग कुठेही ओघळलेला नाही. आणि नावातल्या दोन्ही 'ए'ना आडवी दांडी नव्हती.

तिच्या शाळेच्या पेटीवरच्या 'ए'लाही ती नव्हती. मुली हसल्या म्हणून ती रडत घरी आली होती, तेव्हा आबांनी समजावलं होतं, तिथे पत्रा फाटतो, बेटा, म्हणून मी ती कापतच नाही.

आईचं पुण्यानुमोदन झाल्यावर आठवड्याने आबांनी तिच्याकडून तिकडच्या कारखान्याचा पत्ता मागून घेतला होता. आभाराचं पत्र लिहायचं आहे म्हणाले. कोणत्या भाषेत, हे तिने विचारलं नव्हतं. त्याच सुमाराला वरणगावच्या अंगणात तिने तेलाचा रिकामा डबा पाहिला होता, एक बाजू चौकोनी कापून काढलेला. तुळस लावायची असेल, असं समजून ती आईची लुगडी आवरायला आत गेली होती.

तिने वळून बघितलं नाही. आबा तिच्या डाव्या हाताला होते आणि त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. इतकी वर्षं तुरीच्या पोत्यांवरचे मार्क ती अर्जात उतरवत आली होती. कोण्या शेतकरी कंपनीची आद्याक्षरं, बाण, चौकोनातला आकडा. तो रकाना अर्जात सगळ्यांत खाली असतो. तिथे मालकी लागत नाही, ओळखपत्र लागत नाही, माणूस हयात असावं लागत नाही. पेटीवर आहे एवढंच पुरतं.

"आबा."

"हं."

"दुसऱ्या ओळीत काय आहे?"

प्रश्न तिने असा विचारला, जसा ज्याला माहीत असतं त्यालाच विचारतात. आबांनी घसा खाकरला.

"वरणगाव."

"भाऊसाहेबांना विचारू या का, एक ओळ घातली तरी चालेल?"

"कशाले विचारतेस? अर्धा मार्क चालत नाही. तेहतीस वर्षांत एक पेटी अशी सोडली नाही मी. पेटीवर जे, तेच कागदावर."

तिने टाइप केलं. पहिली ओळ रुक्माबाई, दुसरी वरणगाव. तिची बोटं आईच्या नावावरून दुसऱ्यांदा गेली. मंगळवारपेक्षा हळू. भाऊसाहेबांनी विचारलं, दुसरी ओळ फोटोत दिसत नाही, माहितीचा स्रोत काय? वृषालीने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, ज्यांनी मार्क तयार केला त्यांच्याकडून. भाऊसाहेबांनी ते स्वीकारलं. तरी जहाज लागल्यावर पट्टी काढून खात्री करून घ्यावी, अशी बारीक अक्षरांतली टीप खाली सोडली. तिने मसुदा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा स्वतः वाचला, जसा ती प्रत्येक मसुदा वाचत असे, आणि मग छापायला दिला.

प्रिंटर कुरकुरत जागा झाला. गरम कागद आबांनी स्वतः उठून घेतला. ते उभ्यानेच वाचत गेले, ट्रस्टच्या नावावरून, पत्त्यावरून, वजनावरून, बोट ओळीखाली धरून, घाई न करता. अगदी खालच्या रकान्यावर बोट थांबलं. तिथे ते बराच वेळ राहिलं. मग त्यांनी बोटानेच दोन ओळींमधलं अंतर मोजल्यासारखं केलं.

"आता हे कुठपर्यंत जाईल?"

"जहाजाच्या कंपनीकडे. तिथून मुंबई, कस्टम. ट्रक येईल त्याच्याबरोबर विहारात. तिथे फाइलला राहील."

"पुसत नाही ना कोणी?"

"पेटीवर आहे तोवर नाही पुसत."

आबा बसले. त्यांनी स्टेपलर बाजूला केला, खिशाचं पेन काढलं, टोपण दुसऱ्या टोकाला बसवलं आणि कोऱ्या जागेवर सही केली. पूर्ण नावाची, फॅक्टरीत करायचे तशी, शेवटी खाली एक सरळ रेघ मारून. मग पत्र तिच्याकडे सरकवलं आणि पुन्हा स्क्रीनकडे वळले. फोटो अजून उघडाच होता.

"पट्टी कुठून मारली बघ," ते म्हणाले. "थेट अक्षरांवरून. एवढंही कळत नाही त्यांले."

वृषाली पत्र स्कॅनरमध्ये ठेवायला उठली.

"पुढच्या बारीला लिहून देऊ त्यांना," ती म्हणाली.